ओल्या फडक्यातली बाटली

त्या दिवशी मी खोटं लिहिलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण ज्याला ज्याला ही गोष्ट सांगायला घेतली त्यानं मधेच अडवून विचारलं, की तुम्ही असं खोटं लिहून दिलंच कसं? नाही दिलं. फॉर्मवर जे विचारलं होतं त्याचं खरं उत्तर लिहिलं, खाली सही केली, शिक्का मारला. माझी चीड येत असेल तर येऊ द्या, मलाही येते. पण खोटेपणाचा आळ घेऊ नका. खोटं लिहिलं असतं तर एवढी वर्षं ते असं घशात अडकून राहिलं नसतं.

साल सत्याहत्तर, जानेवारी महिना. मी भिवाजी, मूळचा अनसिंगचा. छप्पन साली बापानं नागपूरला जाऊन दीक्षा घेतली आणि घरात पाऊल टाकल्या टाकल्या जाहीर केलं, की आपलं पोरगं आता दुसऱ्याच्या वावरात जाणार नाही, शाळेत जाईल. त्याच्या हट्टापायी मी मॅट्रिक झालो, अकोल्याला राहून रक्त-थुंकी तपासायचं काम शिकलो आणि मानोऱ्याकडच्या एका सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन म्हणून लागलो. गावाचं नाव सांगत नाही, त्या घरातली माणसं अजून त्याच भागात आहेत. नोकरी तात्पुरती होती. दर सहा महिन्यांनी कागद नवा व्हायचा आणि त्यावर डॉक्टरांची सही लागायची.

काम म्हणाल तर बहुतेक हिवतापाच्या काचा. म्हणून लोक मला रक्तवाला म्हणत आणि माझ्या सूक्ष्मदर्शकाला दुर्बीण म्हणत. मीही सोयीसाठी दुर्बीणच म्हणतो. एका डोळ्याची, काळी, खाली गोल आरसा असलेली. दवाखान्यात वीज असून नसल्यासारखी, त्यामुळे खिडकीतलं ऊन आरशावर घेऊन बघायचं. काच सरकवायची तीसुद्धा तिफणीच्या तासासारखी: एका कडेनं जायचं, वळायचं, शेजारून परत यायचं, मधे जागा सुटू द्यायची नाही.

हिवतापाच्या काचेवरचं रक्त वाळवून रंगवलेलं असतं, त्यात हलण्याबोलण्याचं काही नसतं. जिवंत पेशी बघायची वेळ क्वचित यायची. तिच्यासाठी अकोल्याच्या आमच्या जुन्या गुरुजींनी, ग्यानबा तायड्यांनी, एक युक्ती शिकवली होती. ओल्या थेंबावर पातळ काच ठेवली की आतलं सगळंच हलताना दिसतं आणि नवखा माणूस फसतो, त्याला सगळंच जिवंत वाटतं. ग्यानबा सांगायचे, की सुईचं टोक वरच्या काचेला अलगद टेकवायचं. थेंबात लाट उठते. मेलेलं असेल ते लाटेबरोबर वाहत जातं. जिवंत असेल ते अडतं, वळतं आणि लाटेच्या उलट पोहायला लागतं. ही युक्ती पुस्तकात नव्हती, पण मला ती कधी चुकलेली दिसली नाही.

आदल्या वर्षी फेब्रुवारीत आमच्या गावच्या शाळेत नसबंदीचं शिबिर झालं होतं. ते दिवस ज्यांनी काढले त्यांना वेगळं सांगायला नको. मास्तर, तलाठी, ग्रामसेवक, प्रत्येकाच्या डोक्यावर आकडा बसलेला. दोन दिवसांत एकशे चाळीस पुरुष. बाहेरून आलेले सर्जन जेवायलाही उठत नव्हते आणि मी दारात बसून नावं लिहीत होतो. बहुतेकांना कुणी ना कुणी ढकलत आणलेलं. त्यात एक जण आपल्या पायानं आला, म्हणून तो लक्षात राहिला. जगदेव नावाचा शेतकरी, तिथून सात कोसांवरच्या खेड्यातला. दोन पोरी, एक पोरगा. तिसऱ्या बाळंतपणात बायको मरता मरता वाचली, आता तिच्या जिवाला पुन्हा घोर नको म्हणून मीच करून घेतो, असं त्यानं न विचारता मला सांगितलं. रांगेतली माणसं त्याला बायकोचा बैल म्हणून हसली. तोही हसला.

अकरा महिन्यांनी एका सोमवारी तोच जगदेव माझ्या टेबलापुढं उभा राहिला. सोबत मोठा भाऊ माणिकराव. बोलत होता तो माणिकरावच. जगदेवच्या बायकोला, वच्छलाला, तिसरा महिना लागला होता. ऑपरेशन झालेल्या माणसाच्या बायकोला दिवस कसे गेले, हे आता पाणवठ्यावर उघड विचारलं जात होतं. भावकीनं ठरवलं होतं की दवाखान्यातून लेखी आणायचं. जगदेवमध्ये बीज निघालं तर लेकरू घरचं आणि सगळ्यांनी तोंड बंद करायचं. नाही निघालं तर वच्छलाला घराबाहेर काढायचं, पोरं ठेवून घ्यायची. तिचा भाऊ आधीच बोलून चुकला होता की असली बहीण माझ्या दारात नको. पुढच्या सोमवारी सगळे बसणार होते.

“आता सारं तुमच्या चिठ्ठीवर हाय,” माणिकराव म्हणाला. “दुर्बिनीत जे दिसंल ते आमाले कबूल.”

जगदेवनं पिशवीतून एक बाटली काढली. ती ओल्या फडक्यात गुंडाळलेली होती आणि फडक्याचं पाणी माझ्या टेबलावर ठिबकलं. या तपासणीचा नमुना दवाखान्यातच द्यायचा असतो आणि ऊबेत असतानाच बघायचा असतो. आमच्याकडं त्यासाठी जागा म्हणजे मागचा एक संडास, त्याला दार नव्हतं. पण तो पुढचा प्रश्न. घरून बाटली आणू नको एवढंसुद्धा त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पहाटे निघून, कडाक्याच्या थंडीत एसटीच्या टपावरच्या पोत्यासारखा हिंदकळत, साडेतीन तासांनी तो पोचला होता.

“मायनं तीन डाव सोड्यानं धुतली बाटली,” तो खाली बघत म्हणाला. “दवाखान्यात न्याची हाय म्हनून. अन् फडकं म्या वाटेनं ओलं करत आनलं. दूध नासू नाई म्हनून करतो न, तसं.”

दूध तसं टिकतं. हे टिकत नाही. याला गारठा सोसत नाही, आणि धुण्याच्या सोड्याचा अंश राहिला असेल तर विषयच संपला. त्या घरानं आपल्याकडून होईल तेवढी स्वच्छता पाळली होती, काळजी घेतली होती, आणि त्यातच घात झाला होता. मला हे तिथंच कळलं. पण बोललो नाही, म्हटलं आधी बघू.

थेंब घेतला, काच ठेवली, आरसा फिरवला. होते. भरपूर होते, शेकड्यांनी, डोकं आणि शेपूट असे अगदी स्पष्ट. सुई टेकवली. लाट आली आणि सगळेच्या सगळे तिच्याबरोबर वाहत गेले. पुन्हा टेकवली. एकही वळला नाही. मी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सगळी काच पाहिली, मग दुसरा थेंब घेऊन तोही पाहिला.

याचा अर्थ कळायला डॉक्टर असावं लागत नाही. ऑपरेशनला अकरा महिने झालेल्या माणसात एकही दिसायला नको, जिवंत नको आणि मेलेलाही नको. इथं शेकड्यांनी होते. म्हणजे त्या घाईगर्दीत जगदेवची नळी नीट बांधली गेली नव्हती, नाहीतर नंतर जुळली होती. ते मेले होते ते बाटलीत आणि वाटेत. वच्छलावर आळ घ्यायला आता कारणच उरलं नव्हतं.

फॉर्म चक्रमुद्रित होता, शाई पसरलेला. त्यावर एवढंच छापलेलं: ‘जिवंत शुक्रजंतू आढळले / आढळले नाहीत. नको ते खोडावे.’ मेलेल्यांसाठी जागा नव्हती.

मी काच तशीच ठेवून डॉक्टरांकडं गेलो. डॉक्टर मदनसिंग माणूस वाईट नव्हते. रात्री-बेरात्री बैलबंडीतून बाळंतपणाला गेलेले मी त्यांना पाहिले आहेत. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि दार लोटायला सांगितलं. मग समजावलं. एक केस फसली असा कागद वर गेला की सगळ्या एकशे चाळीस जणांना परत बोलवावं लागेल. सर्जनला विचारणा होईल, त्याच्या आधी त्यांना होईल, आणि हल्लीच्या दिवसांत विचारणा म्हणजे काय ते मला सांगायला नको. मी म्हणालो, निदान ताजा नमुना तरी मागू या, आत्ता, इथंच. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

“एक तरी जिवंत दिसला का?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग तेच लिहा. जेवढं विचारलं तेवढं. वरचं पुराण कायले?” आणि मी दाराशी पोचल्यावर ते सहज म्हणाल्यासारखं म्हणाले, “तुमचा कागद एकतीस तारखेला संपते न, भिवाजी?”

मी बाहेर येऊन ‘आढळले’ या शब्दावर रेघ मारली. मागे म्हातारा बाप होता, लग्नाची बहीण होती, त्या सगळ्यांचं पोट त्या कागदावर होतं, असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं. स्वतःला सांगायला काय जातं. खरं कारण भीती, दुसरं काही नाही. मी भ्यालो.

माणिकरावनं चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि कोर्टात निकाल लागल्यासारखी सदऱ्याच्या खिशात ठेवली. जगदेव मात्र हलेना.

“पक्कं न, भाऊ?” त्यानं मला विचारलं.

“लिहिलं तेच,” मी म्हणालो, आणि शिक्का वाळला की नाही ते बघत असल्याचं दाखवलं. त्याचं तोंड मी पाहिलं नाही. ते दोघं गेल्यावर टेबलावरचं पाणी पुसलं आणि हिवतापाच्या काचा पुढं ओढल्या.

केशरबाई आमच्या दवाखान्याच्या नर्सबाई. माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या, आमच्यातल्याच, मला भिवा म्हणायच्या आणि माझ्या जेवणाखाण्याची चौकशी करायच्या. खेडोपाडीची फिरती त्यांच्याकडं. गुरुवारी त्या जगदेवच्या गावाहून परत आल्या आणि चपला न काढताच माझ्या खोलीत येऊन बसल्या. चिठ्ठी पोचली त्या दिवसापासून वच्छलाला गुरांच्या कोठ्यात ठेवलं होतं. भाकर दारातून सरकवत होते. पोरांना तिच्याकडं जाऊ देत नव्हते, धाकटी पोरगी दिवसभर कोठ्याच्या कुडाला तोंड लावून बसायची. जगदेव कुणाशीच बोलत नव्हता. आणि वच्छला आल्यागेल्याला एकच सांगत होती, की पुन्हा तपासा.

“तू पाह्यलं तं तुले दिसलं काय, भिवा?” केशरबाईंनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. बाटली, सोडा, सुई, डॉक्टर, सगळं.

“अन् तू चार दिस इथं बसून चहा पिऊन राह्यला,” एवढंच म्हणाल्या आणि उठल्या.

डॉक्टर दुसरी चिठ्ठी देणार नव्हते हे उघड होतं. माझ्या तोंडी शब्दाला माणिकराव भीक घालणार नव्हता, आणि त्यात मी कोणत्या वस्तीतला ते त्याला माहीत होतं. मग एकच उरलं, की दुर्बीणच तिथं न्यायची. ताज्या थेंबात त्यांना त्यांच्या डोळ्यांनी दाखवायचं. यासाठी शुक्रवारीच निघायला हवं होतं. पण शुक्रवारी, शनिवारी डॉक्टर गावात होते आणि दुर्बिणीच्या कपाटाकडं त्यांची खोली ओलांडून जावं लागे. रविवारी ते वाशीमला आपल्या घरी जात. भावकी सोमवारी बसणार होती. रविवारी गेलं तरी एक दिवस हातात राहतो, असा मी हिशेब केला. भित्र्या माणसाचे हिशेब नेहमी असेच बरोबर येतात.

रविवारी सकाळी लाकडी पेटी मांडीवर घेऊन मी एसटीत बसलो. बारा-तेरा किलोचं ते धूड, वर आतल्या भिंगांची काळजी. एक छोटी बाटली पाण्यात उकळून कोरडी केली होती आणि गार होऊ नये म्हणून सदऱ्याच्या आत, पोटाशी धरली होती. फाट्यावर उतरून पुढं दोन कोस पायी. पेटी खांद्यावर घेतली की खांदा सोलायचा, हातात घेतली की गुडघ्यावर आपटायची. वाटेत तुरीची वावरं काढायला आलेली होती आणि बाया काम थांबवून माझ्याकडं बघत होत्या.

“चिठ्ठी तं देल्ली न तुमी?” मला अंगणात बघून माणिकराव म्हणाला. “आता कायले आले?”

मी सांगितलं, की त्या दिवशीचा नमुना खराब झाला होता, त्यावरचा निकाल धरायचा नाही, हे ताजंच बघावं लागतं, आणि मी दुर्बीण घेऊन आलो आहे, तुम्हीच बघा. सगळं एका दमात बोललो. माणिकरावला ते पटायच्या बेतात नव्हतं. चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी, सरकारी शिक्का काय रोज बदलतो का, असं त्याचं चाललं होतं. तेवढ्यात ओट्यावर बसलेला जगदेव उठला. आठवड्यात तो दहा वर्षांनी म्हातारा झाला होता. त्यानं माझ्याकडची बाटली घेतली आणि घरात गेला.

मी पेटी उघडून दुर्बीण ओट्याच्या कडेवर ठेवली, आरशावर ऊन घेतलं. मला पाणी कुणी विचारलं नाही आणि मीही मागितलं नाही. दारात त्यांची आई सोजरबाई उभी होती. पदरानं हात पुसत होती, थांबत होती, परत पुसत होती. एकदा तिनं काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, लाजेचा विषय, म्हातारी काय बोलणार.

जगदेव आला. बाटली ऊबदार होती. थेंब ठेवला आणि डोळा लावला, तर काचेखाली जत्रा उसळलेली. एकमेकांना ढकलत, वाट काढत, चहूकडं पळत होते. सुई टेकवली. लाट आली, क्षणभर सगळे रेटले गेले, आणि मग थवाच्या थवा वळला आणि लाटेच्या उलट निघाला. मला रडू आलं. एवढ्या उशिरा का होईना, आपण एक बरं काम करतो आहोत असं मला त्या घटकेला वाटलं होतं. ते आठवलं की मला माझी लाज वाटते.

जगदेवला जवळ बोलावलं. त्याला आधी स्वतःच्याच पापण्या दिसत होत्या. मग डोळा बसला.

“हे पळून राह्यलं ते काय हाय?”

“तुमचं बीज.”

“जितं?”

“जितं. ही सुई घ्या, वरच्या काचेला हळू टेकवा.”

त्यानं टेकवली. वळलेले पाहिले. पुन्हा टेकवली, पुन्हा पाहिले. वखराच्या मुठीनं घट्टे पडलेला तो हात सुई खाली ठेवायला तयार नव्हता. मग माणिकरावनं पाहिलं आणि त्याचा सूर पार पालटला. म्हणजे ऑपरेशनच फसवं निघालं, सरकारनं आपल्याला नाडलं, घराण्याची फुकट बदनामी झाली. त्यानं तिथल्या तिथं नवी चिठ्ठी मागितली. भावकीले दाखवाची हाय, म्हणाला. मी मांडीवर कागद घेऊन लिहिलं, की जगदेवचा ताजा नमुना तपासला, जिवंत शुक्रजंतू भरपूर आढळले. सही केली. शिक्का नव्हता. नोकरी गेली तर गेली, असं त्या वेळी खरोखर वाटलं, पण तेव्हा तसं वाटण्याला काही किंमत नव्हती.

जगदेव कोठ्याकडं निघाला. सोजरबाईनं पुढं होऊन त्याचं मनगट धरलं.

“थांब,” ती म्हणाली आणि खालीच बसली. “काल म्या बाई आनली व्हती.”

आदल्या दिवशी, शनिवारी, जगदेव वावरात असताना तिनं दुसऱ्या गावाहून पोट पाडणारी बाई आणवली होती. चारचौघांत निकाल व्हायच्या आधी मोकळं झालं तर सून निदान माहेरी तरी तोंड दाखवील, घराचीही अब्रू राहील, असा तिचा विचार. तिनं वाईट चिंतलं नव्हतं असं मी म्हणणार नाही, पण तिनं चिंतलं ते माझ्या चिठ्ठीवर विसंबून. जगदेवला तिनं फक्त वच्छलाचं अंग दुखतं एवढंच सांगितलं होतं. मी शुक्रवारी आलो असतो तर. वरातीमागून घोडं म्हणतात, ते मी बारा किलोची पेटी खांद्यावर घेऊन नाचवत आणलं होतं.

कोठ्यात अंधार होता. दोन बैल आणि त्यांच्यामागं पोत्यावर वच्छला. वय असेल अठ्ठावीस. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता, ते सगळं खाली पोत्यात आणि कडब्यात गेलं होतं. हात लावला तर अंग तापलेलं. जगदेव तिच्याजवळ गुडघ्यावर बसला.

“वच्छे, दिसले,” तो म्हणाला. “म्या माह्या डोयानं पाह्यले. जिते हाय. लेकरू आपलंच व्हतं.”

तिनं डोळे उघडले. मी वाट पाहत होतो की ती रडेल, नाहीतर त्याला शिव्या घालील.

“मले तं पयलेच मालूम व्हतं,” ती म्हणाली.

माझ्या हातात काही औषध नव्हतं. वाशीमला मोठ्या दवाखान्यात नेऊन रक्त चढवलं तर काही आशा, एवढं कळत होतं. जगदेवनं बैल जुंपले, बंडीत कडबा आणि गोधडी टाकली. फाट्यापर्यंत बंडीनं जायचं आणि तिथं मिळेल तो ट्रक थांबवायचा. शेजारची तुळसाबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मागच्या बाजूला मी, पायाशी पेटी. निघताना धाकटी पोरगी बंडीमागं धावली, तिला माणिकरावनं उचलून धरलं.

बंडी सावकाश चालवावी तर वेळ जात होता, पळवावी तर वच्छला कण्हत होती. अर्ध्या वाटेवर तिनं डोळे उघडले. पेटीकडं बघत राहिली.

“हेच ते दुर्बीन काय?”

मी हो म्हणालो.

“मांगच्या सोमवारी यात दिसले नोते काय, भाऊ?”

जगदेवची पाठ माझ्याकडं होती. ती ताठ झालेली मला दिसली. इथं मला खोटं बोलता आलं असतं, आणि बोललो असतो तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण तिच्या डोळ्यांपुढं ते जमेना.

“दिसले होते,” मी म्हणालो. “पण मेलेले होते. बाटली सोड्यानं धुतलेली, वर गारठा, म्हणून वाटेत मेले. फॉर्मवर जिवंत आहेत का एवढंच विचारलं होतं.”

तिनं ते नीट ऐकून घेतलं. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, अंगातलं रक्त गेलेली, पण समजून घेताना तिच्या कपाळाला आठी पडली.

“मेलेले व्हते म्हंजे व्हते न?”

“हो,” मी म्हणालो.

जगदेवनं कासरा ओढला. बंडी थांबली. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

“उतरा.”

मी म्हणालो, वाशीमच्या दवाखान्यात माझ्या ओळखी आहेत, मी सोबत असलो तर लवकर घेतील, आधी तिचं बघू, मग मला काय करायचं ते करा. त्यानं मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

“उतरा तुमी,” तो पुन्हा म्हणाला. मी पेटी घेऊन उतरलो आणि बंडी पुढं गेली. त्यांच्यामागं फाट्यावर जाऊन उभं राहायला तोंड नव्हतं, म्हणून आडवाटेनं पुढच्या थांब्यावर जाऊन एसटी धरली.

दुर्बीण सोमवारी सकाळी कपाटात जागच्या जागी होती. ती बाहेर गेली होती हे डॉक्टरांना कधी कळलं नाही. एकतीस तारखेला माझा कागद नवा झाला. बाकीचं मला केशरबाईंकडून मंगळवारी समजलं. फाट्यावर दीड तास एकही ट्रक थांबला नाही. वच्छला तिथंच बंडीत गेली, आणि जगदेव तिला तशीच परत घेऊन आला. संध्याकाळच्या आत सगळं उरकलं.

सोमवारी भावकी ठरल्याप्रमाणे बसली. माणिकरावनं माझी नवी चिठ्ठी वाचून दाखवली, आणि लेकरू घरचंच होतं हे सगळ्यांनी कबूल केलं.